बोरीचं वाळवंट

पारोळ्यातल्या एका शाळेत चित्रकलेचे एक सर होते. शाळेचं नाव सांगून काही साधत नाही, ही गोष्ट कुठल्याही शाळेत घडली असती. सरांची नोकरी अठ्ठावीस वर्षांची झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलाचं वाळवंट चुकलं नव्हतं.

वाळवंट कसं काढायचं ते सरांनी पक्कं बसवलं होतं. कागदाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात नारिंगीतून पिवळ्यात उतरणारा वॉश. मध्ये सूर्य, रुपयाच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून काढलेला. खाली यलो ऑकरच्या तीन टेकड्या, एकीमागे एक. डाव्या कोपऱ्यात उंट. उजवीकडे, चित्राचा तोल राहावा म्हणून, निवडुंग: एक हिरवा उभा खांब आणि त्याला कोपरात वाकलेले दोन हात. वरून काळ्या स्केचपेनने फुल्या फुल्या मारल्या की काटे झाले. सगळं मिळून चाळीस मिनिटं. उरलेल्या वेळात समास आखायचा आणि नाव घालायचं.

सरांना दोष देण्याआधी त्यांची अडचण ऐकून घ्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आपल्याकडे मुलं हौसेने देतात हे खरं, पण इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढून मिळतात, 'ब'ला ५ आणि 'क'ला ३, हे पालकांना मुलांच्या जन्मतारखेइतकं पाठ असतं. स्मरणचित्राच्या पेपरला बसलेल्या मुलाला काहीतरी आठवायला हवं, म्हणून सर त्याला आठवण तयार करून देत. बाजाराची एक, पावसाची एक, सहलीची एक. वाळवंटाची सगळ्यांत सुबक. नोकरीला लागल्यावर दोनेक वर्षांत सरांनी ते शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर ऑइलपेंटने मोठं करून रंगवलं होतं. स्नेहसंमेलनाला आलेले पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत. लहान मुलांना तर वाटायचं की रंग वाळवंटातूनच येतात, कारण त्यांच्या रंगाच्या डबीवरही उंटच असायचा. ती डबी काढणारी कॅम्लिन ही दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेली मूळची मराठी कंपनी, हे सर वर्गात आवर्जून सांगत.

आणि सर काही अडाणी नव्हते. कलाशिक्षकाची पदविका, ए.टी.डी., करताना ते कोल्हापूरला जाऊन आले होते. चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या तळ्याकाठी पुन्हा पुन्हा बसून तेच पाणी, तीच झाडं वेगवेगळ्या उजेडात कशी रंगवत, हे ते दरवर्षी आठवीच्या वर्गाला रंगवून सांगत. सांगून झालं की फळ्याकडे वळत आणि निवडुंगाला हात काढत.

त्या वर्षी आठवीतून नववीत जाणारी एक मुलगी होती. वडिलांची महामार्गावर चहाची टपरी. सुरत-नागपूरचा हा रस्ता, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा त्रेपन्न, म्हणजे पारोळ्याला जगाची खिडकीच. मुलगी टपरीवर बसून ट्रकांच्या मागच्या फळ्यांवरची चित्रं वहीत उतरवून घ्यायची. हात चांगला. सरांनी तिला सुट्टीचा अभ्यास दिला: पाच स्मरणचित्रं, जलरंगात. तिसरं वाळवंट.

एप्रिल संपता संपता ती आखाजीला आजोळी गेली. बोरी नदीच्या काठी आजीचं गाव. आपल्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींची दिवाळी. झाडांना झोके बांधलेले, खापरावर पुरणपोळ्या, घरोघरी आमरसाच्या पातेल्यांवर माश्या. दुपारच्या झळा अशा की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. त्या दुपारी मुलगी ओट्यावर पाट मांडून बसली आणि चाळीस मिनिटांत तिने वाळवंट उरकलं.

आजी सांजोऱ्या तळून उठली होती. पदराने घाम पुसत चित्रावर वाकली.

"हाई काय शे, माय?"

"वाळवंट."

"कोठलं?"

मुलीला उत्तर सुचलं नाही. हा प्रश्न सरांनी कधी विचारला नव्हता.

आजी म्हणाली, "वाळवंट त आपली नदीमा शे." आजी दरवर्षी वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला अमळनेरला जाते. ती यात्रा भरते बोरीच्या कोरड्या पात्रात. पंढरपूरला गेलं तरी माणसं चंद्रभागेच्या वाळवंटात जातात. आजीच्या तोंडी वाळवंट म्हणजे नदीची वाळू, जिथे पाल पडतात, टाळ वाजतात, पोरं हरवतात आणि सापडतात. मराठीत हा शब्द आधीपासून याच अर्थाने नांदत आला आहे. उंटाचं वाळवंट त्याच्या घरात मागाहून राहायला आलं, बहुधा भूगोलाच्या पुस्तकाबरोबर, आणि आता घरमालकासारखं वागतं.

मग आजीने बोट उजव्या कोपऱ्यात ठेवलं. "आनि हाऊ कोन? हात वर करी काबर उभा शे? पोलीस ऊना का?"

"निवडुंग आहे, आजी."

आजी हसली नाही. तिने चित्राकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि म्हणाली की सकाळी लवकर ऊठ.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत दोघी नदीकडे निघाल्या. मुलीच्या हातात कागद, रंग आणि पाण्याने भरलेला स्टीलचा डबा. नदीच्या अलीकडे एका शेताला निवडुंगाची वई होती. आजीने नातीला तिच्यासमोर उभं केलं आणि स्वतः बांधावर बसून मिसरी लावायला घेतली. सांगितलं काहीच नाही.

मुलीने ती वई लहानपणापासून पाहिली होती. म्हणजे तिच्या बाजूने गेली होती. आता पाहिलं तर खांब कुठेच नव्हता. होते ते फड. एका भाकरीच्या काठावर दुसरी भाकरी उभी चिकटवावी, तिच्यावर तिसरी तिरपी, तसे. काही फड समोर तोंड करून होते, काही कडेने उभे असल्यामुळे नुसती जाडसर रेघ दिसत होती. काटे फुल्यांसारखे सगळीकडे पसरलेले नव्हते. ठरावीक अंतरावरच्या ठिपक्यांतून झुबक्याने निघाले होते. हे काटे म्हणजे या झाडाची पानं, आणि आपण ज्याला पान समजतो तो फड म्हणजे खोड, हे तिला शाळेत शिकवलं होतं. त्या धड्याला तिने हात लावून पाहिलं ते आज. टोकाशी पिवळी फुलं होती आणि मागच्या बहराची दोन-चार लालजांभळी बोंडं राहिली होती. आजीने एक बोंड काडीने पाडलं, वाळूत खूप वेळ घोळलं. बोंडावर डोळ्यांना न दिसणारी कुसं असतात, ती जिभेत गेली की दिवसभर निघत नाहीत. मग सोलून नातीला दिलं. जीभ लाल झाली.

वाटेच्या पलीकडे दुसरं निवडुंग होतं, तीन धारांचं, उंच. मुलगी म्हणाली, हे थोडं सरांच्या चित्रासारखं आहे. आजीने त्याचा तुकडा लांबूनच काठीने मोडला. पांढराशुभ्र चीक टपकला. डोळ्यात गेला तर डोळा जाईल, लांब राहा, म्हणाली. मग फड्या निवडुंगाचा एक फड मोडला. त्यातून चीक आला नाही, नुसतं बुळबुळीत पाणी आलं. नाव दोघांचं एकच, निवडुंग. नातं काहीच नाही: त्रिधारी हा शेराचा भाऊबंद, आणि फड्या खरा कॅक्टस, अमेरिकेतून आलेला.

ती वाळूत उतरून रंगवायला बसली, आणि इथे खरी फजिती सुरू झाली.

शाळेत पंख्याखाली वॉश देणं वेगळं आणि वैशाखात बोरीच्या पात्रात देणं वेगळं. खानदेशात या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. सकाळी आठलाच वाळू तापायला लागते. कागदावर आकाशाचा निळा वरून खाली ओढत आणावा, तर निम्म्यात येईपर्यंत वरचा पट्टा वाळलेला. पुन्हा ब्रश फिरवला की तिथे पाण्याची कडक रेघ उमटायची, दुधाच्या पातेल्याला साय धरावी तशी. एक कागद वाया गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर ती रडकुंडीला आली.

आजीने आयुष्यात ब्रश धरला नव्हता. पण ओलं वाळण्याच्या आत हात कसा चालवायचा हे तिला पन्नास वर्षांचं ठाऊक होतं. ती म्हणाली, "सारवन कसं करतीस? काठ वाळू देऊ नको."

सारवताना बाई मागे परतत नाही. समोरचा ओला काठ ओलाच राहील अशा बेताने हात पुढे नेते. मध्ये थांबली, अर्धवट सुकलेल्यावर पुन्हा हात फिरवला, की जमिनीवर डाग राहतो तो पुढच्या सारवणापर्यंत. जलरंगाच्या सगळ्या पुस्तकांत सपाट वॉशचा नियम हाच आहे, फक्त तिथे शेण नाही. आजीने आणखी एक केलं. बसायला आणलेला गोणपाट डब्यातल्या पाण्याने भिजवला आणि कागदाखाली घातला. कागद खालून ओल धरून राहिला. चौथं आकाश एका दमात उतरलं.

मग रंगांचा घोळ. ट्यूबवर 'सॅप ग्रीन' लिहिलेलं होतं आणि मुलीला निवडुंग हिरवं असतं हे माहीत होतं, म्हणून तिने तेच लावलं. कागदावरचं झाड पालकाच्या जुडीसारखं दिसायला लागलं. समोरच्या फडावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे तो निळसर, राखी दिसतो, आणि ऊन जिथे थेट पडतं तिथे तर जवळपास पांढरा. तिने हिरव्यात थोडा निळा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना मिसळला. सावली काळी करायला गेली, तर वाळूवरची सावली काळी नव्हतीच. सूर्य अडला होता, पण वरचं सगळं आकाश त्या सावलीत सांडलं होतं, ती निळी-जांभळी होती. कडेने उभ्या फडाची सावली रुंद पडली होती आणि समोर तोंड केलेल्याची दोरीएवढी. हे उलटं कसं, म्हणून ती दोनदा उठून पाहून आली.

वाळूत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या. रात्री वाळू भरून नेणाऱ्यांच्या. दोन ठिकाणी माणूस उतरेल एवढे खड्डे. तिने तेही काढले, कारण ते होते.

आणि मग ती पांढऱ्यापाशी अडली. काही फडांवर कापसाचे पुंजके चिकटल्यासारखं दिसत होतं. कपाशीच्या मुलखातली मुलगी, तिला वाटलं शेजारच्या शेतातून उडून आला असेल कापूस. आजीने काडीने एक पुंजका चिरडला. आतून रक्तासारखा लालभडक रस निघाला.

"किडा शे," आजी म्हणाली.

मुलीने ते पुंजके रंगवले नाहीत. जलरंगात पांढरा रंग नसतो, कागद तेवढा सोडून द्यायचा असतो, हे सरांनीच शिकवलं होतं, आणि ते त्यांनी खरं शिकवलं होतं. तिने काडीच्या टोकाने तो लाल रस घेतला आणि एका फडाच्या कडेला एक ठिपका दिला.

जूनमध्ये शाळा उघडली. पाच चित्रं सरांच्या टेबलावर गेली. तिसरं हातात घेऊन सर बराच वेळ बसले. मग म्हणाले, "बेटा, वॉश सुंदर आहे. पण हे वाळवंट वाटत नाही. उंट कुठाय? टेकड्या? आणि या टायरच्या खुणा? परीक्षकाच्या हातात शंभर चित्रं असतात, त्याला एका नजरेत कळलं पाहिजे."

"सर, हे बोरीचं आहे."

"ते नदीपात्र झालं. विषय वाळवंट आहे."

"आजी त्याला वाळवंटच म्हणते."

सरांनी दहापैकी पाच दिले. मुलीने चित्र घेतलं, दारापर्यंत गेली आणि परत वळून विचारलं. उद्धटपणे नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "सर, भिंतीवरचं वाळवंट कुठलं आहे?"

"राजस्थान," सर म्हणाले. "जैसलमेर."

"तुम्ही गेला होतात?"

सरांनी आवाज थोडा चढवला. माणूस अडचणीत आला की मोठी नावं घेतो. "चित्रकाराला जावंच लागतं असं नाही. आपल्या चाळीसगावचे केकी मूस! वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नाहीत. टेबलावर वस्तू मांडून फोटो काढले, जगाने नावाजले."

"पण सर, त्यांच्या टेबलावर वस्तू असायची ना?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून बरं.

रात्री जेवण झाल्यावर सरांनी फोनवर शोधलं. जैसलमेरचे फोटो पाहिले. वाळू होती, उंट होते, खेजडी होती, थोराची झुडपं होती. हात वर केलेला खांब एकाही फोटोत नव्हता. तो सापडला अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात आणि पलीकडे मेक्सिकोत, सोनोरा नावाच्या वाळवंटात. त्याचं नाव सग्वारो. कॅक्टसचं सगळं कूळच अमेरिकेचं, एखादा अपवाद सोडला तर, आणि सग्वारो तर त्या एका सोनोराबाहेर आपणहून उगवतच नाही. अठ्ठावीस वर्षं सरांनी एका फूटभर कागदावर जैसलमेरचा उंट आणि अ‍ॅरिझोनाचा खांब शेजारी शेजारी बांधले होते, मधला अख्खा महासागर तीन पिवळ्या टेकड्यांखाली बुजवून.

पुढे आणखी वाचलं. सग्वारोला पहिला हात फुटायला पन्नास ते सत्तर वर्षं लागतात. झाड दीडशे-दोनशे वर्षं जगतं. सर स्वतः त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर जन्मलेल्या सग्वारोला अजून हात फुटला असेलच याची खात्री नव्हती, आणि सर फळ्यावर तो हात तीन सेकंदांत काढत आले होते.

त्या वर्षी पाऊस लांबला. जूनच्या शेवटच्या रविवारी पहाटे सरांनी स्कूटर काढली. मुलीच्या वडिलांना आधी विचारलं होतं, तेही मुलीला मोटारसायकलवर बसवून बरोबर आले. आजीने मास्तर आले म्हणून चहा केला, वर चमचाभर साखर जास्त घातली, आणि सगळी वरात नदीवर गेली.

सर गोणपाटावर बसले. समोर वई होती, हाताच्या अंतरावर. आकाश छान उतरलं. वाळूही उतरली. मग सरांनी पेन्सिल उचलली, आणि एक विचित्र गोष्ट घडली. ती खोटी वाटेल, पण हातात कला असलेल्या कुणालाही विचारा. डोळ्यांसमोर फड्या निवडुंग असताना सरांच्या हाताने खांब काढला. सरळ, उभा. आणि थांबायच्या आत त्याला कोपरात वाकलेला एक हात.

आजी मागे उभी होती. "मास्तर, असा त आठे एक बी नही."

तिने टोमणा मारला नव्हता. वाट चुकलेल्याला वाट दाखवतात त्या सुरात ती बोलली होती. मुलीचे वडील नदीकडे पाहू लागले. मुलगी खाली पाहत होती. सरांनी खोडरबर काढलं, थांबले, आणि कागदच उलटा केला. त्या दिवशी त्यांनी पुढे रंग घेतला नाही. नुसती पेन्सिल. एकेक फड, एकेक ठिपका. दोन तासांत सात फड झाले. सातवा बरा होता.

निघताना मुलीने त्यांना ते कापसाचे पुंजके दाखवले आणि काडीने एक चिरडला. सर दचकले. म्हणाले, अरे, हा तर किरमिजी!

मग परत येताना टपरीवर बसून त्यांनी एक हकिकत सांगितली, ती मात्र त्यांना पक्की माहीत होती. मेक्सिकोत निवडुंगावरच्या अशाच एका किड्यापासून लाल रंग काढत, कॉचिनील. स्पेनने त्या धंद्यावर पिढ्यान्‌पिढ्या पैसा केला. इंग्रज अधिकाऱ्यांचे लाल कोट त्याच रंगाचे. आपणही हिंदुस्थानात तो किडा पाळावा असं कंपनी सरकारच्या मनात आलं. १७९५ मध्ये नीलसन नावाच्या कॅप्टनने ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले. नाव कॉचिनील, राहतो निवडुंगावर, चिरडला की लाल. सगळं जुळत होतं. फक्त किडा दुसराच होता. त्याचा जवळचा नातलग, रानटी. रंग निघाला तो हलका आणि थोडा. पण भूक मोठी. एका जातीचं निवडुंग त्याने उत्तरेत खाऊन संपवलं, आणि मग साहेबाच्या लक्षात आलं की रंगासाठी नाही तर निवडुंग मारायला हा उपयोगी आहे. पुढे त्याला मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडलं. दुसऱ्या जातीच्या निवडुंगाला तो शिवेना, म्हणून १९२६ मध्ये त्याचा आणखी एक भाऊबंद सिलोनमधून आणावा लागला.

"म्हणजे नावावरून आणला," मुलगी म्हणाली.

"नावावरून आणला," सर म्हणाले, आणि चहाकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी पेटीतून क्रिमझनची ट्यूब काढून तिच्यासमोर ठेवली. क्रिमझन हा शब्द आणि आपला किरमिजी हा शब्द एकाच घरचे. अरबी-फारसीतल्या किरमिजवरून दोघे आले, आणि त्याच्याही मागे जाणारे जाणकार संस्कृत कृमिजापर्यंत पोचतात: कृमीपासून झालेला. ट्यूबमध्ये मात्र आता कृमी नाही. अलिझरिन हे लाल रंगद्रव्य १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, तेव्हापासून हा लाल कारखान्यात होतो. सर म्हणाले, नाव किड्याचं राहिलं आणि किडा इथे तुझ्या आजीच्या वईवर बसलाय. मुलीच्या वडिलांनी विचारलं की मग तो कपाशीवर जातो का. तो नाही जात, सर म्हणाले, तो निवडुंग सोडत नाही. वडिलांना तेवढंच हवं होतं.

यानंतर सरांचं सगळं बदललं असं काही झालं नाही. बाजाराची आणि पावसाची तयार आठवण ते अजूनही फळ्यावर काढून देतात. पालक मागतात, आणि ७ गुण म्हणजे ७ गुण. पण दर चैत्रात एका रविवारी ते आठवीच्या मुलांना पहाटे साडेपाचला नदीवर नेतात. येताना प्रत्येकाने एक गोणपाट आणायचा असा नियम आहे. सपाट वॉश शिकवताना ते सारवणाचं उदाहरण देतात. मुलांना सारवण माहीत नसतं, तेव्हा कुणाच्या तरी ओट्यावर नेऊन दाखवतात. पहिला तास रंग उघडायची परवानगी नाही.

मुलीला एलिमेंटरीला 'ब' मिळाली. स्मरणचित्राला तिने पारोळ्याचं बसस्थानक काढलं होतं, तिथे वाळवंटाचा संबंधच नव्हता. तिच्या आखाजीच्या चित्रातला तो लाल ठिपका वर्षाच्या आत फिका पडला. किड्याचा रंग उजेडात टिकत नाही. पांढरे पुंजके जसेच्या तसे आहेत, तिथे कागदच आहे.

व्हरांड्यातलं ऑइलपेंटचं वाळवंट पुसून टाकावं असं सरांनी मुख्याध्यापकांना सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. पाहुणे फोटो काढतात. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर सर बारीक ब्रश आणि काळा रंग घेऊन भिंतीपाशी स्टुलावर बसले. उंटाखाली त्यांनी लिहिलं: 'उंट, रा. जैसलमेर, राजस्थान'. खांबाखाली लिहिलं: 'सग्वारो, रा. अ‍ॅरिझोना, अमेरिका'. आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे त्यांची जुनी झोकदार सही होती, तिथे तिच्यावर रंग मारून: 'चित्रकार, रा. पारोळा, जि. जळगाव'.